हिंसेचे अधिकरण: लढाऊ-बाँबफेकी विमान आणि कृष्णाकाठचा धर्मविचार

लढाऊ-बाँबफेकी विमान एकाच सांगाड्यात दोन कामे करते. शत्रूच्या विमानाशी हवेत झुंजणे हे पहिले काम, जमिनीवरच्या किंवा समुद्रातल्या लक्ष्यावर मारा करणे हे दुसरे. हवाई युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ही कामे बहुतांशी वेगळ्या विमानांकडे होती. झुंजीचे विमान हलके व चपळ असे, बाँबफेकी विमान जड, संथ आणि लांब पल्ल्याचे. इंजिनांची ताकद वाढत गेली तशी दोन्ही कामे एकाच विमानाकडे आली. चीनच्या सैन्यातली जेएच-७ए आणि जे-१६ ही त्याची आजची ठळक उदाहरणे आहेत. या विमानांची चर्चा सहसा वेग, वजन आणि पल्ला यांच्या आकड्यांपाशी थांबते. त्यांच्या रचनेमुळे धर्मशास्त्रातला एक जुना प्रश्न मात्र अधिक अवघड होऊन पुढे येतो. शस्त्राने माणूस मेला, तर ती हिंसा कोणाची: शस्त्र घडवणाऱ्याची, सोडणाऱ्याची, हुकूम देणाऱ्याची, की त्या हुकमाला मान डोलावणाऱ्याची?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न कधी पोथीपुरता राहिला नाही. १९४९ पर्यंत यातला बराचसा मुलूख साताराच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ या बिरुदानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. कृष्णा-वारणेच्या काठाने मात्र दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणारे शांतिसागर महाराज यांना १९२४ मध्ये आचार्यपद मिळाले ते सांगलीजवळच्या समडोळीत. वाईला प्राज्ञपाठशाळा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तिथे धर्मकोशाचे खंड तयार झाले. देवराष्ट्रे गावात १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण चीनबरोबरच्या युद्धानंतर देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि १९६५ मध्ये हवाई दलाला लढाईत उतरवण्याचा हुकूम त्यांनीच दिला. शस्त्र धरणारा, शस्त्र सोडून दिलेला, शस्त्राबद्दलची वचने गोळा करणारा आणि शस्त्र चालवायला सांगणारा असे चौघेही या एका खोऱ्यात भेटतात.

आधी विमानाकडे पाहू. जेएच-७ ची गरज चीनला १९७० च्या दशकात जाणवली. जानेवारी १९७४ मध्ये पॅरासेल बेटांवरून दक्षिण व्हिएतनामशी चकमक झाली, तेव्हा मुख्य भूमीवरून इतक्या दूर जाऊन नौकांवर मारा करणारे साजेसे विमान चीनपाशी नव्हते. शिआनच्या कारखान्याने ते घडवायला घेतले. इंजिन ब्रिटनच्या रोल्स-रॉइस कंपनीचे ‘स्पे’ होते. १९७५ च्या करारानुसार ते चीनमध्ये बनवण्याचा परवाना मिळाला होता. पहिले उड्डाण १४ डिसेंबर १९८८ रोजी झाले. सुधारित जेएच-७ए या शतकाच्या पहिल्या दशकात दाखल झाले. पंख खांद्यापाशी बसवलेले आणि मागे वळलेले, इंजिने दोन, उड्डाणाच्या वेळी कमाल वजन सुमारे २८ टन, वेग ध्वनीच्या दीडपटीच्या आसपास. हवेतल्या झुंजीत ते फारसे तरबेज नाही. त्याचा कल बाँबफेकीकडे आहे.

जे-१६ मध्ये हा तोल बराच साधला गेला. ते शेनयांगचे विमान असून त्याचा वंश रशियाच्या सुखोई-२७ आणि सुखोई-३० या विमानांचा आहे. भारताचे सुखोई-३० एमकेआय याच कुळातले. नाशिकजवळच्या ओझर येथे त्याची बांधणी झाली आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून ते उडते. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच आराखड्याची भावंडे उभी आहेत. जे-१६ ने पहिले उड्डाण २०११ मध्ये केले. त्याची इंजिने चिनी बनावटीची आहेत, उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३५ टन आहे, आणि क्षेपणास्त्रे व बाँब टांगण्यासाठी १२ जागा आहेत. त्याच्या रडारचा झोत अँटेना न फिरवता इलेक्ट्रॉनिक रीतीने वळतो. त्यामुळे हवेतल्या आणि जमिनीवरच्या लक्ष्यांमध्ये लक्ष फार झपाट्याने बदलता येते. त्यावर बसणारे पीएल-१५ हे हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र दोनशे किलोमीटरच्या आसपास पोचते असे मानले जाते. हवेतच इंधन भरून घेण्याची सोय असल्यामुळे विमानाचा पल्ला टाकीपुरता मर्यादित राहत नाही.

या सामर्थ्याला निसर्गाचा एक अडसर आहे. तिबेटमधले काही विमानतळ समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच आहेत. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना मिळणारा उठावही घटतो. तिथून उडणाऱ्या जड विमानाला इंधन किंवा बाँब यांपैकी काहीतरी कमी घ्यावे लागते. भारताचे बहुतेक तळ मैदानात असल्याने त्यांना ही अडचण एवढी भासत नाही. म्हणूनच १९६२ मध्ये भारताने मारा करणारी विमाने वापरलीच नाहीत, याची चर्चा अजून थांबलेली नाही.

रचनेतल्या तीन गोष्टी या लेखाच्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली म्हणजे दोन आसने. जेएच-७ए आणि जे-१६ या दोन्हींत पुढे वैमानिक बसतो आणि मागे शस्त्रप्रणालीचा अधिकारी. विमान नेतो एक, लक्ष्य धरतो दुसरा. दुसरी गोष्ट अंतर. केडी-८८ सारखे क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून सोडता येते, त्यामुळे सोडणाऱ्याच्या डोळ्यांना लक्ष्य कधी दिसतच नाही. दिसते ते पडद्यावरचे चित्र. तिसरी गोष्ट सर्वांत गहन आहे. हेच विमान सकाळी आपल्या शहरावर पहारा करू शकते आणि दुपारी दुसऱ्याच्या शहरावर बाँब टाकू शकते. यंत्र तेच, टांगलेली शस्त्रे बदलतात. यंत्राकडे बघून त्याचा हेतू सांगता येत नाही.

चीनच्याच प्राचीन विचारात या तिसऱ्या गोष्टीवर मोलाचे चिंतन आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला विचारवंत मोझी हा आक्रमक युद्धाचा कडवा विरोधक होता. त्याचे अनुयायी मात्र वेढ्यात सापडलेली शहरे वाचवण्याच्या यंत्रविद्येत निष्णात होते. गोंगशू बान नावाच्या कारागिराने छू राज्यासाठी तटावर चढण्याच्या शिड्या बनवल्या आणि छूचा राजा छोट्या सोंग राज्यावर चालून जाणार, हे कळताच मोझी दहा दिवस आणि दहा रात्री चालत तिथे पोचला अशी कथा आहे. त्याने कमरेचा पट्टा सोडून त्याचा तट मांडला. गोंगशूने नऊ वेळा हल्ल्याची युक्ती लढवली, मोझीने नऊही वेळा ती परतवली, आणि राजाने स्वारी रद्द केली. याच गोंगशूने तीन दिवस खाली न येणारा लाकडी पक्षी उडवल्याचीही कथा मोझीच्या ग्रंथात आहे. मोझीला त्याचे कौतुक वाटले नाही. गाडीचे ओझे पेलणारी चाकाची खीळ बनवणारा सुतार त्याला अधिक कुशल वाटला, कारण त्याची वस्तू माणसांच्या उपयोगी पडते. मोझीच्या या विचाराचा पाया म्हणजे हल्ल्याचे यंत्र आणि बचावाचे यंत्र वेगळे ओळखता येते ही खात्री. शिडी हल्ल्याची, तट बचावाचा. लढाऊ-बाँबफेकी विमानाने ती खात्री काढून घेतली. म्हणून निवाडा यंत्राच्या जातीवर सोडता येत नाही, तो माणसांच्या कृतींच्या साखळीत शोधावा लागतो. आणि त्या साखळीची सर्वांत बारीक चिकित्सा जैन ग्रंथांत आहे.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथातली हिंसेची व्याख्या केवळ प्राण जाण्यावर उभी नाही. प्रमादाने, म्हणजे विकाराच्या किंवा बेसावधपणाच्या भरात, प्राण घेतला जाणे ही हिंसा. दहाव्या शतकाच्या सुमारास जैन आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हा धागा आणखी ताणला. जो पूर्ण सावध आहे आणि ज्याच्या मनात विकार नाही, त्याच्या हातून अजाणता जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही. उलट जो बेसावध आहे, त्याच्या हातून कोणी मेले नाही तरी तो हिंसेचा धनी होतो. हे वचन सवलतीसारखे वाचले जाते, पण त्यात मागणी फार कडक आहे. नेम चुकला, हेतू नव्हता, एवढे म्हणून सुटका होत नाही. काळजी किती घेतली होती, याचा हिशेब द्यावा लागतो.

सूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्म आत येण्याचे ‘अधिकरण’, म्हणजे आधार, सांगितले आहेत. एक सजीव, एक निर्जीव. सजीव आधाराची मोजणी अशी आहे. कृतीच्या तीन पायऱ्या: संरंभ म्हणजे करण्याचा निश्चय, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. मन, वाणी आणि शरीर ही तीन द्वारे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले असे तीन प्रकार. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १०८. जपमाळेच्या १०८ मण्यांचा एक अर्थ जैन परंपरा याच मोजणीशी जोडते. सांगलीकडच्या जैन घरांत कृत, कारित, अनुमत हे शब्द मुनींच्या प्रवचनांमुळे कानावरून गेलेले असतात.

ही मोजणी विमानाला लावली की तिचे बळ कळते. आधुनिक शस्त्रव्यवस्थेत काम वाटून दिलेले असते. आराखडा एकाचा, जुळणी दुसऱ्याची, लक्ष्याची माहिती तिसऱ्याची, हुकूम चौथ्याचा, बटण पाचव्याचे. वाटणीमुळे प्रत्येकाला आपला वाटा लहान वाटतो. जैन गणित इथे भागाकार करत नाही, गुणाकार करते. करवणाऱ्याचा वाटा करणाऱ्याच्या वाट्यातून वजा होत नाही. मागच्या आसनावरच्या अधिकाऱ्याने लक्ष्य धरले म्हणून पुढचा वैमानिक मोकळा होत नाही, आणि दोघांनी हुकूम पाळला म्हणून हुकूम देणाऱ्याचे ओझे त्यांच्यावर सरकत नाही. अमृतचंद्रांनी हेही सांगितले आहे की कधी हिंसा एक जण करतो आणि फळ अनेकांना मिळते, तर कधी अनेक जण करतात आणि फळ एकाला भोगावे लागते. फरक कोणाचा कषाय किती तीव्र होता यामुळे पडतो, कोण किती जवळ उभा होता यामुळे नाही.

निर्जीव आधाराचे प्रकार तर शस्त्राच्या कारखान्यासाठीच लिहिले असावेत असे वाटते, जरी सूत्रकारांपुढे मुनीचा कमंडलू आणि गृहस्थाची भांडी होती. निर्वर्तना म्हणजे घडवणे, निक्षेप म्हणजे ठेवणे, संयोग म्हणजे जोडणे, निसर्ग म्हणजे प्रवृत्त करणे. निक्षेपाचे चार दोष टीकाकार सांगतात: न बघता ठेवणे, नीट न झाडता ठेवणे, घाईने ठेवणे, आणि अवधान नसताना भलत्या जागी ठेवणे. मुंगी चिरडू नये म्हणून सांगितलेला हा नियम. तोच बाँबला लावला, तर लक्ष्याची खात्री न करता, घाईत टाकलेला प्रत्येक बाँब त्यात सापडतो. गृहस्थाच्या अनर्थदंडविरती, म्हणजे निष्कारण पाप टाळण्याच्या, व्रतात हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, हाही दोष आहे. तलवार, कुऱ्हाड, विस्तव यांची उदाहरणे तिथे येतात. स्पे इंजिनाचा परवाना, सुखोईचा आराखडा, अशा देवाणघेवाणीतूनच ही विमाने उभी राहिली. शस्त्रांच्या जागतिक व्यापाराला या व्रतापुढे उत्तर देणे अवघड आहे.

तरीही जैन धर्म गृहस्थाला लढू नको असे सरसकट सांगत नाही. परंपरेने हिंसेचे चार भाग केले: ठरवून केलेली संकल्पी, घरकामातली आरंभी, उपजीविकेतली उद्योगी, आणि आक्रमकाचा प्रतिकार करताना होणारी विरोधी. गृहस्थाने सोडायची ती संकल्पी हिंसा. बाकीच्या तीन त्याने शक्य तेवढ्या कमी करायच्या. नांगराखाली जीव मरतात हे कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याला रोज दिसते, त्यामुळे ही विभागणी त्याच्यासाठी पांडित्य नाही, जगण्याची रीत आहे. विरोधी हिंसेची सूट मात्र विमानाच्या तिसऱ्या वैशिष्ट्यापाशी अडखळते. पहाऱ्याला निघालेले विमान बाँब घेऊन सीमेपलीकडे गेले, तर विरोधी हिंसा कोणत्या क्षणी संकल्पी होते? सूत्रे याचे थेट उत्तर देत नाहीत. कषाय बदलला की प्रकार बदलला, एवढाच निकष ती देतात. राज्याच्या मनातला कषाय ओळखणे माणसाच्या मनापेक्षा कठीण आहे, आणि हा या विचाराचा खरोखर दुबळा भाग आहे.

कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावर उभी असलेली मूर्ती ज्या कथेची आहे, ती इथे आठवते. जिनसेनांच्या आदिपुराणात भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर येतात, तेव्हा मंत्री सांगतात की भांडण दोघांचे असताना सैनिकांनी का मरावे. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध दोघांतच होते. हरलेला भरत संतापून चक्र सोडतो, पण ते बाहुबलीला इजा करत नाही. ज्यांचा निर्णय त्यांचेच शरीर पणाला, अशी ही व्यवस्था आहे. विमानाच्या युद्धात निर्णय घेणारा सर्वांत दूर असतो आणि ज्याचा निर्णयाशी काही संबंध नाही तो सर्वांत जवळ.

वैदिक परंपरेतली युद्धवचने वेगळ्या दिशेने जातात. वाईच्या धर्मकोशाच्या राजनीतिकांडात ती एकत्र आली आहेत. मनुस्मृती लपवलेली, काटेरी, विषारी किंवा पेटत्या टोकाची शस्त्रे वापरू नयेत असे सांगते. झोपलेला, निःशस्त्र, शरण आलेला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला आणि नुसता बघणारा यांना मारू नये असेही सांगते. म्हणजे शस्त्राची घडणच नीतीच्या कक्षेत येते. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाआधी असेच नियम ठरतात, आणि अठरा दिवसांत एकेक करून मोडतात. हे मोडणे लपवले जात नाही, ही त्या ग्रंथाची थोरवी आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांना मारतो. त्यानंतर तो आणि अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. ऋषींनी सांगताच अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही, कारण मनावर ताबा नसलेल्याला अस्त्र आवरता येत नाही. सोडलेले शस्त्र परत फिरवता येणे ही इथे तांत्रिक बाब उरत नाही, ती चारित्र्याची कसोटी होते. चित्र पाठवणाऱ्या क्षेपणास्त्राला विमानातला अधिकारी शेवटच्या क्षणांपर्यंत दुसरीकडे वळवू शकतो. लक्ष्याच्या जागी शाळा दिसली, तर वळवण्याची क्षमता त्याच्या हातात असते. ती असताना न वापरणे हा प्रमाद नुसत्या चुकलेल्या नेमापेक्षा कितीतरी गंभीर ठरतो.

रथातही आसने दोन होती. कृष्णाने शस्त्र न धरण्याचे वचन दिले आणि फक्त घोडे हाकले. तरी स्त्रीपर्वात गांधारीचा शाप त्यालाच लागतो, कारण संहार थांबवण्याची शक्ती असून त्याने उपेक्षा केली, असे तिचे म्हणणे आहे. कृष्ण तो शाप स्वीकारतो. न मारणाऱ्यालाही जबाबदार धरणारा हा प्रसंग जैनांच्या ‘अनुमत’ या कल्पनेच्या अगदी जवळ येतो. वाईच्या पाठशाळेत काही काळ शिकलेल्या विनोबांनी गीताप्रवचनांत अर्जुनाच्या विषादाचा उलगडा करताना एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. शेकडो लोकांना फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशाला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते ती स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आल्यावर. अर्जुनाला समोर आप्त दिसत होते, म्हणून त्याला निदान प्रश्न पडला. शंभर किलोमीटरवरून मारा करणाऱ्याला तो पडण्याची संधीही विमानाची रचना देत नाही, आणि विमानाबद्दलची ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

१ सप्टेंबर १९६५ रोजी हा सगळा विचार एका निर्णयापाशी येऊन थांबला. पहाटे पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात घुसले. दुपारपर्यंत भारतीय लष्कराने हवाई मदत मागितली. चारच्या सुमारास हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्री चव्हाणांपाशी आले. चव्हाणांनी काही मिनिटांत परवानगी दिली. १९६२ मध्ये जे वापरले गेले नाही, ते साधन आता वापरले जाणार होते आणि युद्ध त्यामुळे मोठे होऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. संध्याकाळी पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमाने निघाली. मिस्टेअर हे त्या काळचे लढाऊ-बाँबफेकी विमानच होते. रणगाड्यांची आगेकूच मंदावली. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत, आणि मावळत्या उजेडात आपल्याच सैन्याच्या काही वाहनांवरही मारा झाला.

या निर्णयाला जैन निकष लावता येतात. आक्रमण समोरून होते, म्हणून तो विरोधी हिंसेचा. साधन जुने होते आणि वेळ संध्याकाळची, म्हणून निक्षेपात घाई होती. पण थांबणे हीही एक कृती होती, आणि तिची किंमत छांबच्या सैनिकांनी मोजली असती. चव्हाणांचा निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागते. योग्य निर्णयातही आपल्याच माणसांवर पडलेल्या बाँबचा वाटा निर्णय देणाऱ्याकडे राहतो, हे जैन विचार विसरू देत नाही.

त्याच युद्धात १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे लहान नागरी विमान कच्छमध्ये पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. आत आठ जण होते. विमान नागरी दिसते हे आपण जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवले होते आणि तरीही पाडण्याचा हुकूम आला, असे त्या लढाऊ विमानाच्या वैमानिकाने पुढे सांगितले. २०११ मध्ये त्याने मेहतांच्या वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. हुकूम दुसऱ्याचा होता हे माहीत असूनही ४६ वर्षांनी लिहावेसे वाटणे, यातून कृत आणि कारित यांची वाटणी मन मान्य करत नाही, हे स्पष्ट दिसते.

न वापरलेल्या शस्त्राचे काय? जे-१६ विमाने तैवानच्या आसपास वारंवार उडतात. प्रत्येक वेळी बाँब पडत नाही, धाक बसतो. मे २०२२ मध्ये दक्षिण चीन समुद्रावर एका जे-१६ ने ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानापुढे धातूचा चुरा सोडला आणि त्यातला काही त्या विमानाच्या इंजिनात गेला. कोणी मेले नाही. अमृतचंद्रांच्या निकषाने ही हिंसाच आहे, कारण प्रमाद पूर्ण झाला. धाकावर उभे असलेले सगळे संरक्षण, भारताचेही, संरंभाच्या पायरीवर उभे असते. मारण्याचा निश्चय जाहीर केलेला असतो आणि तो अमलात येऊ नये अशी आशा असते. जैन विचार या निश्चयाला निर्दोष म्हणणार नाही. राजधर्म त्याला कर्तव्य म्हणेल. या दोन उत्तरांचा मेळ घालण्याचा प्रयत्न अनेकदा होतो, पण तो पटण्याजोगा नाही. समडोळीला आचार्यपद घेतलेला मुनी आणि अपशिंग्याचा जवान यांना एकच नियम लागू नाही, हे परंपरेने आधीपासूनच मान्य केले आहे.

गृहस्थाच्या व्रतांत मात्र एक असे आहे की राज्यालाही ते पाळता येईल: दिग्व्रत. चारही दिशांना आपल्या हालचालीची हद्द ठरवून घ्यायची आणि ती आयुष्यभर ओलांडायची नाही. हद्दीबाहेर त्याच्याकडून हिंसा होत नाही, म्हणून तेवढ्या प्रदेशापुरता तो महाव्रती मुनीसारखा असतो, असे टीकाकार म्हणतात. व्रत मोडण्याचे प्रकारही दिले आहेत: वर जाणे, खाली जाणे, आडवे जाणे, क्षेत्र वाढवत नेणे, आणि हद्द कुठे ठरवली होती तेच विसरणे. हवेत इंधन भरून पल्ला वाढवत नेणाऱ्या विमानाला यातले कोणतेच बंधन यंत्र म्हणून नसते. ते बंधन बाहेरून, माणसाने घालावे लागते.

१९९९ च्या कारगिल युद्धात भारताने ते घातले. २६ मे रोजी हवाई दलाची कारवाई सुरू झाली, तेव्हा नियंत्रणरेषा ओलांडायची नाही असा सरकारचा आदेश होता. विमानांचा पल्ला त्या रेषेच्या कितीतरी पुढे जाणारा होता. माऱ्यासाठी येण्याच्या दिशा त्यामुळे मर्यादित झाल्या. २७ मे रोजी एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गमावले, दुसऱ्या दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. जून महिन्यात मिराज-२००० ने लेझरने दिशा दिलेले बाँब टायगर हिलवर टाकले, तेही रेषेच्या अलीकडूनच. हद्द पाळल्यामुळे युद्ध पसरले नाही आणि पलीकडच्या गावांवर बाँब पडले नाहीत. त्याची काही किंमत अलीकडच्या वैमानिकांनी प्राणांनी दिली. दिग्व्रत घेणारा गृहस्थ आपल्याच लाभावर पाणी सोडतो, दुसऱ्याच्या प्राणावर नाही. राज्य हद्द ठरवते तेव्हा तो त्याग सैनिकाच्या वाट्याला येतो, आणि तो त्याग कोणी कोणावर लादला, याचा हिशेब कारित आणि अनुमत या दोन रकान्यांत मांडावा लागतो.